दोन तासांचा पाहुणा

आमच्या नात्यागोत्यात माझी ओळख 'इंटरनेटवाला' अशी होती. केबलवाला, गॅसवाला, तसा इंटरनेटवाला. पुण्यातल्या एका विद्यापीठाच्या संगणक केंद्रात मी नोकरीला आहे एवढंच लोकांना माहीत होतं. तिथे मी नेमकं काय करतो हे मलाही धड सांगता येत नसे, त्यामुळे त्यांना दोष देण्यात अर्थ नव्हता. माझ्याबरोबर शिकलेले तोवर हडपसरच्या काचेच्या इमारतींत जाऊन बसले होते. गळ्यात पट्टा, पट्ट्याला कार्ड, न्यायला कंपनीची गाडी. मी मात्र खडकीहून स्कूटरवर निघून दगडी इमारतीच्या तळमजल्यावर पोचायचो. माझ्या लग्नाच्या बैठकीत मामांनी 'कॉम्प्युटरमध्येच आहे' असं सांगितलं, आणि पुढचा प्रश्न यायच्या आत पोह्यांची बशी पुढे केली. लग्न जमलं ते त्या पोह्यांमुळे, असं बायको अजून म्हणते.

मग आमच्या आवारात बिनतारी जाळं आलं. भिंतींवर पांढऱ्या पेट्या लागल्या, त्यांत हिरवा दिवा लुकलुकायला लागला. आज कोणाला हसू येईल, पण त्या वेळी लोक तो दिवा बघायला थांबत. कुठल्या कट्ट्यावर रेंज येते आणि कुठे येत नाही हे पोरांना आमच्याआधी कळलं. कडुनिंबाखालच्या कट्ट्यावर ती चांगली यायची, म्हणून तिथे सकाळपासून जागा धरलेली असे. विटेएवढे जाड लॅपटॉप मांडीवर घेऊन मुलं बसत आणि मांडी भाजली की दुसऱ्या मांडीवर घेत. कँटीनवाल्याने तर माझ्याकडे रीतसर तक्रार केली, की एका चहावर पोरं अख्खी दुपार काढतात, तेवढी माझ्या डोक्यावरची पेटी बंद करा.

विद्यार्थी आणि शिक्षक यांचा प्रश्न नव्हता, त्यांना आपापलं नाव आणि सांकेतिक शब्द दिलेला होता. प्रश्न होता पाहुण्यांचा. कोणी परीक्षक म्हणून येई, कोणी चर्चासत्राला, कोणी नुसताच कोणाच्या तरी ओळखीने. यांना जाळ्यात घ्यायचं कसं आणि बाहेर काढायचं कसं, हे ठरवायचं काम केंद्रप्रमुखांनी माझ्यावर टाकलं. 'नियम करा,' एवढंच म्हणाले. आमच्याकडे कुठलीही नवी गोष्ट आधी नियमांत येई आणि मग वापरात.

मी ते काम घरी आणलं, आणि तिथेच सगळं ठरलं. कारण घरी बाबा होते.

बाबा खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेले. तरुणपणी नागपूरकडून आले ते थेट त्या फाटकातून आत गेले, आणि नोकरी संपली तेव्हा त्याच फाटकातून बाहेर आले. दुसऱ्यांच्या घरी मुलांना शिकारीच्या, भुताच्या गोष्टी सांगत. आमच्या घरी फाटकाच्या. अमुक साहेब पास विसरला आणि शिपायाने त्याला तासभर उन्हात उभा केला, ही आमची झोपताना ऐकायची गोष्ट. संध्याकाळी बाबा विहारात वस्तीतल्या मुलांचा अभ्यास घेत, तिथेही त्यांची शिस्त हीच. उशिरा आलेल्या मुलाला घरी पाठवत नसत, पण तो कोणाचा, कुठून आला आणि उशीर का झाला हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय सतरंजीवर बसू देत नसत.

मी जेवणाच्या टेबलावर कागद घेऊन बसलो तेव्हा तेच तीन प्रश्न त्यांनी माझ्यापुढे ठेवले. पाहुणा कोणाचा? कशासाठी आला? किती वेळ थांबणार? बिनमालकाचा पाहुणा आत घ्यायचा नाही, म्हणाले. मग मी लिहिलं, की प्रत्येक पाहुण्याला आमंत्रक प्राध्यापक असावा आणि त्याने स्वतः आमच्या केंद्राच्या खिडकीशी येऊन सही करून पाहुण्याच्या सांकेतिक आकड्याची छापील चिठ्ठी न्यावी. काम शैक्षणिकच असावं. मुदत दोन तास. पाहुणा आत असेपर्यंत आमंत्रकाने त्याच्या सोबत राहावं. मुदत संपली की चिठ्ठी खिडकीवर परत द्यावी. या शेवटच्या कलमाला मी अडलो. चिठ्ठीवरचा आकडा दोन तासांनी आपोआप मरतो, मग कागद परत घेऊन करायचं काय, असं मी त्यांना विचारलं.

"पाहुणा गेला, हे तुला कळणार कसं?" ते म्हणाले.

खिडकीवर बिस्किटांचा रिकामा डबा ठेवून मी त्यात चिठ्ठ्या जमा करायला लागलो.

आणखी एक कलम त्यांनीच सुचवलं. कर्मचाऱ्यांच्या नातेवाइकांना पाहुणा म्हणून प्रवेश नाही. घरच्या माणसांनी डबा घेऊन फाटकापर्यंत यावं, आत नाही. मला ते पटलं, कारण माझ्या तीन चुलतभावांना फुकट गाणी उतरवून हवी होती. केंद्रप्रमुखांनी नियम वाचले, दोनदा मान डोलावली, आणि इतके काटेकोर नियम तुम्हाला सुचले कसे म्हणून विचारलं. मी नम्रपणे हसलो. वडिलांनी सांगितले, असं सांगण्याइतका मी नम्र नव्हतो.

या नियमांचा सगळ्यात जास्त जाच झाला तो पर्यावरण विभागातल्या एका प्राध्यापक बाईंना. त्यांच्याकडे जगभरातून माणसं येत. प्रत्येक माणसासाठी बाई त्यांच्या विभागातून आमच्या खिडकीपर्यंत चालत येत, सही करत, चिठ्ठी घेऊन परत जात. दोन तासांनी मुदत वाढवायला पुन्हा तीच पायपीट. नेसायच्या हातमागाची साडी, पायांत पळायचे बूट. ते बूट आमच्या नियमांमुळे घ्यावे लागले, असं त्या सगळ्यांना सांगत. आवाज कधी चढवत नसत. खिडकीशी उभ्या राहून एकदा शांतपणे म्हणाल्या, "अहो, याला बिनतारी म्हणतात ना? मग माझीच एवढी तंगडतोड का होते?" मी नियम क्रमांक सांगितला. त्यांनी तो आधीच पाठ केलेला होता.

माझी धाकटी बहीण त्या वेळी परदेशात होती. शिष्यवृत्ती मिळवून गेलेली. नद्या समुद्राला मिळतात तिथल्या चिखलात डोळ्याला न दिसणारे जीव असतात, त्यांचा अभ्यास करत होती. बाबांना तिचं फार कौतुक, पण विषय त्यांना मान्य नव्हता. आपल्याकडे मुळा-मुठेला चिखल कमी आहे का, एवढ्या लांब कशाला जायचं, असं ते म्हणत. तिने फोनवर समजावून सांगितलं की इथल्या चिखलात अभ्यास करण्याजोगं काही जिवंत उरलेलं नाही. तेव्हापासून लकडी पुलावरून जाताना बाबा नदीकडे जरा वेगळ्या नजरेने बघत.

तिच्या प्रत्येक परीक्षेला बाबा गेलेले होते. दहावीपासून. केंद्राच्या फाटकाबाहेर, पाण्याची बाटली आणि जादाचं पेन घेऊन, पेपर सुटेपर्यंत उभे. शाळा, कॉलेज, मुलाखती, सगळीकडे. फाटकाच्या आत काय होतं ते त्यांनी कधी बघितलं नाही. माझ्या परीक्षांना ते येत नसत. मीच नको म्हणायचो, कारण पेपरांची मला साधारण कल्पना असे.

तर बहिणीने कळवलं की तिची शेवटची तोंडी परीक्षा आहे आणि ती खुली आहे. म्हणजे कोणीही बसून ऐकू शकतं, आणि जे लांब आहेत त्यांना इंटरनेटवर बघता येईल. तिकडची सकाळ, आपली दुपार. हे ऐकून बाबांनी कॅलेंडरवर त्या तारखेला गोल केला. मग म्हणाले, परीक्षा आतून बघायला मिळणार.

आईने मात्र आधीच सांगून टाकलं, मला परीक्षा बघवत नाही, निकाल काय तो सांगा.

घरी आमच्याकडे डोंगल होतं. ज्यांना ते आठवत नसेल त्यांच्यासाठी सांगतो: बोटाएवढी कांडी, लॅपटॉपला लावायची, आणि खिडकीच्या गजाला टेकवून देवाची वाट बघायची. आमच्या घरात देवाची वाट बघायची पद्धत नव्हती, तरी त्या कांडीपुढे सगळे हात जोडत. त्यावर चित्र हलत नसे. बहिणीचा चेहरा एका जागी गोठायचा आणि आवाज चार वाक्यं पुढे निघून जायचा. म्हणून मी बाबांना म्हटलं की त्या दिवशी आमच्या आवारात या.

ते आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, काळे बूट, खांद्याला रेक्झिनच्या पिशवीत बहिणीचा जुना लॅपटॉप. खिडकीपुढच्या रांगेत उभे राहिले. मी आतून खूण केली, बाजूने या. ते बघूनही जागचे हलले नाहीत. त्यांचा नंबर आला तेव्हा मी हळूच माझं स्वतःचं नाव आणि सांकेतिक शब्द कागदावर लिहून सरकवला.

त्यांनी कागद वाचला आणि परत माझ्याकडे सरकवला.

"तुझ्या पासवर मी आत जाऊ?"

मी म्हटलं, बाबा, हा कारखाना नाही. ते म्हणाले, नियम मग कशाला केलास? मी म्हटलं, नातेवाइकांचं कलम तुम्हीच घालायला लावलंत. ते म्हणाले, बरोबरच घातलंय. मागे रांग वाढत होती. परीक्षा सुरू व्हायला थोडा वेळ राहिला होता. आणि स्वतःच्याच कलमात अडकलेला माणूस खिडकीपुढे ताठ उभा होता, चेहऱ्यावर कसलीही तक्रार नाही. फाटकाबाहेर उभं राहायची त्यांना सवयच होती. मला ते बघवेना. माझी कीव करावी तर माझ्याच अकलेने मी इथवर आलो होतो.

त्यांच्या मागे रांगेत प्राध्यापक बाई होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. पुढे होऊन बाबांना विचारलं, "आपल्याला कशासाठी हवंय?"

"मुलीची परीक्षा आहे. बघायची आहे."

"कसली परीक्षा?"

"पीएचडीची."

"विषय?"

बाबांनी क्षणभर विचार केला. "चिखल," म्हणाले.

बाई माझ्याकडे वळल्या. "हे माझे पाहुणे."

मी म्हटलं, बाई, नातेवाईक आहेत, आणि काम शैक्षणिक असावं लागतं. म्हणजे म्हणायचं नव्हतं, तोंडातून सवयीने गेलं.

"पीएचडीची तोंडी शैक्षणिक नसेल, तर मी इथे इतकी वर्षं कशाला येते ते सांगा. आणि नातेवाईक तुमचे असतील. मी त्यांना आत्ताच भेटते आहे."

बाबांनी बाईंना नमस्कार केला आणि विचारलं, की आमंत्रकाला सोबत बसावं लागतं, चालेल ना? बाई म्हणाल्या, चालेल, आज विभागाची बैठक आहे, ती चुकवायला मला कारण हवंच होतं. सही केली, चिठ्ठी घेतली, आणि दोघं निघून गेले. बाबा चिठ्ठी हातात सरळ धरून चालले होते, वाऱ्याने उडू नये म्हणून.

मी माझ्या टेबलावर तीच परीक्षा लावली. केंद्रातला सगळ्यात जुना संगणक माझ्याच वाट्याला होता, हलवायाच्या पितळी पातेल्याएवढ्या घेराचा मॉनिटर, शेजारी दोन चिमुकले स्पीकर. माईक नव्हता. बघणाऱ्यांची नावं कडेला दिसत. त्यांत इंग्रजी अक्षरांत एक नाव आलं: पाहुणा. बाईंनी नाव काय घालू म्हणून विचारलं असणार आणि बाबांनी हे सांगितलं असणार. पडद्यावर बहीण केस मागे बांधून उभी होती. तिने कडेला बघितलं, ते नाव वाचलं, आणि हसू दाबायला खाली कागदांत बघायला लागली.

परीक्षक उशिरा आले. मग ती बोलली, मग त्यांनी प्रश्न विचारले. खूप विचारले. मी निम्मं ऐकत होतो, निम्मं खिडकीवर. एका परीक्षकाने तिचं एक म्हणणं खोडून काढलं, तिने थोडं थांबून ते पुन्हा मांडलं, वेगळ्या बाजूने. मला एवढं कळलं की ती घाबरलेली आहे आणि मागे हटत नाही. शेवटी परीक्षक निकाल ठरवायला उठून बाहेर गेले. खोलीत ती एकटी राहिली, पाण्याचा पेला हातात धरून.

आणि कडेच्या नावांमधून 'पाहुणा' गेला.

मुदत चिठ्ठी छापल्यापासून धरली जाते, परीक्षा सुरू झाल्यापासून नाही, हे मीच ठरवलेलं होतं. दोन तास झाले होते. बाबांच्या पडद्यावर आता माझंच वाक्य आलं असणार, सरकारी मराठीत, मोठ्या अभिमानाने लिहिलेलं: 'आपली मुदत संपली आहे. चिठ्ठी खिडकीवर जमा करावी.'

दुसरा कोणीही जागेवरून शिव्या घालत बसला असता. बाई मुदत वाढवायला आल्या असत्या, नेहमीसारख्या. पण वाक्य वाचणारा माणूस कारखान्यातला होता. मी बघतो तर समोरच्या रस्त्याने बाबा येत होते. पिशवी खांद्याला, चिठ्ठी हातात, निवृत्त माणसाला न शोभणाऱ्या वेगाने. त्यांच्या मागे बाई, पळायचे बूट घालूनही मागे पडलेल्या.

बाबा खिडकीशी आले आणि चिठ्ठी पुढे केली. मी विचारलं, निकाल लागला का? म्हणाले, नाही, मुदत संपली.

बाई धापा टाकत पोचल्या. "अहो, मी सांगत होते, बसा, मी जाऊन वाढवून आणते. तर म्हणतात, मुदत संपल्यावर आत थांबायचं नसतं. लॅपटॉप मिटला आणि निघाले. माझ्या नोकरीत एवढा नियम पाळणारा पाहुणा मी बघितला नाही."

आता नवी चिठ्ठी, नवी सही, परत त्यांच्या खोलीत जाणं, लॅपटॉप उघडणं, या सगळ्याला वेळ नव्हता. परीक्षक कुठल्याही क्षणी परत येणार. मी म्हटलं, बाबा, आत या, माझ्या टेबलावर सुरू आहे. त्यांनी दारावरच्या पाटीकडे बोट दाखवलं. कर्मचाऱ्यांव्यतिरिक्त कोणासही प्रवेश नाही. ती पाटी मी लिहिली नव्हती, पण आता कोण ऐकतो.

मग मला आयुष्यात एकदाच जे सुचलं ते सुचलं. त्यांना आत येता येत नसेल, तर पडदा बाहेर न्यावा. मी तो मॉनिटर दोन्ही हातांनी उचलला, खिडकीच्या फळीवर ठेवला आणि तोंड बाहेर वळवलं. वायर पुरेना. फळीवर टेकवला तर वायर निसटायची. शेवटी मॉनिटर अधांतरी धरून, पोटाचा आधार देऊन, मी त्याच्या मागे उभा राहिलो.

त्यामुळे मला पडदा दिसेना. मला दिसत होती खिडकीपलीकडची माणसं. मधोमध बाबा, शेजारी बाई, मागे रांगेतले लोक टाचा उंचावून. स्पीकरमधून दार उघडल्याचा आवाज आला. खुर्च्या सरकल्या. एक पुरुषी आवाज संथ इंग्रजीत बोलायला लागला, आणि बोलतच राहिला. शिकलेली माणसं निकाल किती लांबवतात. मी बाबांच्या चेहऱ्याकडे बघत होतो. त्यांना इंग्रजी वाचता येई, असं भरभर बोललेलं कळत नसे. तेही आवाज ऐकत नव्हते, तिच्याकडे बघत होते. कपाळावर आठी, ओठ मिटलेले, हातात अजून ती चिठ्ठी. मग स्पीकरमधल्या वाक्याच्या मध्येच, ते पूर्ण व्हायच्या आधी, त्यांची आठी गेली. हळूहळू त्यांचं तोंड उघडं राहिलं. टाळ्या ऐकू आल्या त्या त्याच्यानंतर.

रांगेतल्या कोणीतरी विचारलं, काय झालं? बाईंनी सांगितलं, डॉक्टर झाली. रांगेनेही टाळ्या वाजवल्या. मला वाजवता आल्या नाहीत.

मग टाळ्यांमधून बहिणीचा आवाज आला, मराठीत. "दादा, बाबा उठून गेले का?"

तिला कडेला माझं नाव दिसत होतं आणि पाहुण्याचं दिसत नव्हतं. परीक्षक बाहेर गेले, तेव्हाच बाबा गेले, एवढंच तिला कळलेलं. मी मोठ्याने सांगितलं, माईक नाही, तिला ऐकू जाणार नाही, लिहून पाठवावं लागेल. माझे हात गुंतलेले. बाईंनी खिडकीतून हात आत घालून कीबोर्ड ओढून घेतला, आणि बाबांना म्हणाल्या, सांगा, काय लिहू?

बाबा पडद्याकडे बघत उभे. त्यांच्याकडे आता कितीतरी सांगण्यासारखं होतं.

"लिहा," ते म्हणाले. "मुदत संपली म्हणून उठलो. गेलो नाही. बाहेर उभा आहे."

बाईंनी ते टंकून पाठवलं. मग बहिणीचा हसण्याचा आवाज आला, मधूनच तुटणारा, आणि या वेळी तो आमच्या जाळ्यामुळे तुटत नव्हता.

बाईंनी पदराने चष्मा पुसला. मला म्हणाल्या, "आता ठेवा तो खाली, पाठ धरेल." मी मॉनिटर जागेवर ठेवेपर्यंत पडदा काळा झाला होता. तिकडे कोणीतरी बंद केलं होतं. बाबांनी चिठ्ठी डब्यात टाकली, बाईंना पुन्हा नमस्कार केला आणि रांगेतल्या माणसाला जागा करून दिली.

संध्याकाळी घरी आई वाट बघत होती. निकाल तिला फोनवर कळलेला होता. पण तेवढ्याने तिचं भागेना. कुठला ड्रेस घातला होता, बारीक झाली आहे का, निकाल ऐकल्यावर काय केलं, रडली का? हे सगळं तिने मला विचारलं, कारण घरातला इंटरनेटवाला मी. ड्रेसकडे माझं लक्ष गेलं नव्हतं, आणि निकालाच्या वेळचं मला सांगता येईना. मी म्हटलं, मी पडद्याच्या मागे होतो.

मग बाबा बोलायला लागले. कमी बोलणारा माणूस, पण त्या दिवशी त्यांनी सगळं सांगितलं. निळा कोट होता, बाह्या जरा लांब. हातात पाण्याचा पेला होता, तो शेवटपर्यंत तिने प्यायला नाही. तो माणूस बोलत होता तेव्हा तिने आधी एक पाय पुढे घेतला, मग मागे. पाय मागे घेतला तेव्हाच मला कळलं, म्हणाले. दहावीच्या निकालालाही तिने असंच केलं होतं.

आई भाकरी थापायची थांबून ऐकत होती. तवा तापून धूर यायला लागला, तेव्हा मी उठून गॅस बारीक केला.

"पुन्हा सांगा," ती म्हणाली, "पाय मागे घेतला तिथपासून."